दरसाल नवी वेणी

"केस वेगळे घडवा," हरेनिया म्हणाली. "डोकं वेगळं, केस वेगळे. काढता-घालता आले पाहिजेत."

मेनिप्पसने हातातली छिन्नी खाली ठेवली. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात, मोठ्या रस्त्याच्या टोकाला त्याचं कामाचं अंगण होतं आणि तिथे तऱ्हेतऱ्हेची माणसं येऊन गेली होती. कुणाला आपलं टक्कल झाकून हवं असे, कुणाला मेलेल्या बापाचं नाक जरा सरळ करून हवं असे. वेगळे केस मागणाऱ्या बायकाही त्याला नवीन नव्हत्या. राजवाड्यात सम्राज्ञीने अंबाडा बदलला की नव्या नाण्यांवर तो अंबाडा उमटे, आणि नाणी हातोहाती फिरली की गावोगावच्या बायकांची डोकी बदलत. घरातली आपली मूर्ती जुनाट दिसू नये म्हणून पैसेवाल्या बायका नुसते संगमरवरी केस नवे करून घेत. खालचा चेहरा तोच. पण त्या बायका जिवंत होत्या.

"बाई, राग मानू नका," मेनिप्पस म्हणाला. "मूर्ती थडग्यात बसवायची आहे ना? मग केस वेगळे कशाला? गेलेल्या माणसाला कसली आली आहे नवी तऱ्हा?"

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

"जमत नाही असं कुठे म्हणतोय मी?"

"मग करा."

बाजारात कांदे मागावेत तसं ती हे बोलली. मेनिप्पसने मान डोलावली. तो पूर्वेकडचा, कारियातला माणूस. बोलण्याची त्याला भारी हौस. पण आता त्याने नुसती छिन्नी पुन्हा उचलली.

हरेनियाची मुलगी नेपोटिला जाऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. एकुलती एक मुलगी, लग्न ठरलेलं. उन्हाळा सरता सरता मिठागरांकडून येणारा ताप गावात शिरला, तो तिच्याही अंगात शिरला. ताप उतरेना तेव्हा वैद्य म्हणाला, उष्णता डोक्यात चढली आहे, केस कापा. कमरेखाली जाणारे केस होते पोरीचे. शुद्ध धड नव्हती, तरी तिने दोन्ही मुठींत केस गच्च धरून ठेवले. "आई, नको ना. आई, सांग ना यांना." हरेनियाने तिची मनगटं धरली, एकेक बोट सोडवलं आणि मनगटं तशीच दाबून ठेवली. कात्री थालुसाने चालवली. थालुसा घरची केस विंचरणारी. आधी दासी होती, मग हरेनियानेच तिला मोकळी केली होती. त्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचा हात कसा चालणार? केस गेले, पण ताप गेला नाही. दोन दिवसांनी पोर गेली. थालुसाने कापलेले केस फडक्यात बांधून तिच्या उशाशी ठेवले, डोक्यावर फुलांची जाळी घातली, वरून पदर ओढला, आणि दगडी पेटीचं झाकण बसलं.

हरेनिया रडली नाही. भाड्याने आणलेल्या रडणाऱ्या बायकांचे घसे बसले, आत्या-मावश्यांनी ऊर बडवून घेतले, ती मात्र उभी होती. आपले पाय आपण न सांगता चालतात, वळण आलं की वळतात, याचं तिला जरा नवल वाटलं, तेवढंच. पुढेही तसंच राहिलं. एकदा मसुराच्या उकळत्या भांड्याला तिचा हात लागला. फोड आलेला तिला दुसऱ्या दिवशी दिसला. माशाचं खारट सार ताटात आलं तरी तिला मीठ लागत नसे. लोक म्हणत, बाई धीराची. ती ऐकून घेई.

मूर्ती झाली. खांद्यापर्यंतची, पांढऱ्या संगमरवराची. नेपोटिला गेली त्याच दिवशी मेनिप्पसने येऊन तिच्या चेहऱ्याचा चुन्याचा साचा घेतला होता, त्यावरून चेहरा हुबेहूब उतरला. तापाने बसलेले गाल त्याने भरून काढले. डोळ्यांच्या बाहुल्या भोकं पाडायच्या बारीक सामत्याने कोरल्या. गालांना घासून घासून अशी झिलई दिली की बोट लावावं तर घसरावं. ओठांना आणि भुवयांना हलका रंग दिला. केस म्हणजे डोक्यावर बसणारी टोपीच होती: दोन्ही बाजूंनी लाटालाटांनी कान झाकत जाणारी, मागे मानेवर मोठा अंबाडा. त्या साली तीच तऱ्हा होती. टोपी त्याने चुन्याने नीट सांधली आणि मूर्ती लॉरेन्टमच्या रस्त्यावरच्या, काल्टिलियस घराण्याच्या थडग्यात कोनाड्यात बसवून दिली. काल्टिलियस म्हणजे हरेनियाचा नवरा. धान्य मापणाऱ्यांच्या मंडळातला मोठा माणूस. मूर्ती बसवली तेव्हा तो दारातच उभा राहिला, "चांगली झाली," म्हणाला आणि गोदीवर निघून गेला. आफ्रिकेहून धान्याच्या गलबतांचा तांडा यायचा होता.

पुढच्या हिवाळ्यात अंबाडा लहान झाला. थालुसा सार्वजनिक न्हाणीघरात दुसऱ्यांची डोकी बघून आली आणि सांगू लागली, "मालकीणबाई, आता मागचा गोळा कुणी ठेवत नाही बघा. चपटा करतात, आणि लाटा अश्या खोल काढतात. तुमचेही तसेच बांधू का?"

"माझे राहू देत," हरेनिया म्हणाली. "फेलिकुलाचे बांध. आणि तिला मेनिप्पसकडे घेऊन चल."

फेलिकुला थालुसाची मुलगी. हरेनियाला दूध आलं नव्हतं, तेव्हा थालुसाने दोघींना एकाच वेळी पाजलं होतं, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघींचं वय एक, केसांचा पोतही जवळजवळ एक. त्या दिवशी फेलिकुला मेनिप्पसच्या अंगणात तिवईवर बसली, थालुसाने तिची नवी वेणी बांधली, आणि मेनिप्पस तिच्याभोवती फिरत कंपासाने मापं घेत राहिला. हरेनिया भिंतीला टेकून बाकावर बसली होती.

"मान हलवू नकोस गं," मेनिप्पस म्हणाला. "तुझ्यापेक्षा दगड बरा. गुमान बसतो."

"दगडाला भूक लागत नाही," फेलिकुला म्हणाली. "मला लागते. समोर तो चणे तळतोय आणि वास सगळा इकडे येतोय."

"कार्टे, मालकीणबाईंसमोर तोंड सांभाळ," थालुसाने दातांत धरलेल्या हाडाच्या पिना न काढताच दम भरला.

"खाऊ दे तिला," हरेनिया म्हणाली. चणे आले. फेलिकुलाने खाल्ले, बोटं चाटली. हरेनिया तिच्या मानेवरच्या बारीक बटा बघत होती. ही मुलगी आहे, ही खाते आहे, असं तिच्या डोक्यात आलं, आणि पुढे काहीच आलं नाही.

फेब्रुवारीतल्या पितरांच्या दिवसांत मेनिप्पसने थडग्यात जाऊन जुने केस उतरवले, नवे सांधले. ते काम चालू असताना हरेनिया बाहेर रस्त्यावर उभी राही आणि झाल्यावर आत येई. नवी वेणी बघे. वायलेटची फुलं, मीठ, दारूत भिजवलेला पाव ठेवी. घरी जाई. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच झालं.

गावाला बोलायला निमित्त लागतं, ते मिळालं. न्हाणीघरात गरम हौदाच्या काठावर बसून बायका बोलत. "आमच्या जित्या पोरींच्या डोक्यातल्या उवा निघत नाहीत, आणि हिच्या दगडाला दरसाल नवी वेणी!" कुणी म्हणे, "अगं, एखाद्या वर्षी जावई पण आणेल दगडाचा." हे हरेनियाच्या कानावर पडलं तेव्हा ती शेजारच्याच हौदात होती. बायका ओशाळल्या. ती उठली, अंग पुसलं, आणि कपडे सांभाळणाऱ्या बाईला जाता जाता म्हणाली, "पाणी आज गरम होतं का गं?" टोमणा मारायचा म्हणून नव्हे. तिला खरंच कळलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी तऱ्हा पुरती फिरली. कान उघडे टाकून केस मागे ओढायचे, रुंद चपटी वेणी घालायची आणि ती मानेपासून वर डोक्याच्या मध्यापर्यंत दुमडत न्यायची. सांगावा मेनिप्पसकडे गेला. दिवस ठरला.

पण त्या हिवाळ्याच्या तोंडाशी फेलिकुलाच्या जिवाला घोर लागला होता. सबिनस नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. तो कार्थेजच्या धान्याच्या गलबतावर सुतार होता, नदीपलीकडच्या नव्या बंदरात राहायचा. वादळांमुळे गलबतांना समुद्र बंद व्हायचे दिवस आले, बाकीची गलबतं परतली, त्याचं आलं नाही. गोदीवरची माणसं तिला बघून बोलणं बदलू लागली. मग एके दिवशी मोडक्या डोलकाठीचं, अर्धं धान्य समुद्रात टाकून दिलेलं ते गलबत रांगत आल्यासारखं धक्क्याला लागलं, आणि सबिनस त्यावर होता.

हे हरेनियाला माहीत नव्हतं. थालुसाला माहीत होतं. पोरीने मनात काय धरलं होतं ते मात्र तिलाही माहीत नव्हतं.

ठरल्या दिवशी हरेनिया बाकावर येऊन बसली. थालुसाने फण्या, पिना, तेलाची कुपी तिवईशेजारी मांडून ठेवली. फेलिकुलाचा पत्ता नव्हता.

"येईल हो," थालुसा म्हणाली. "सकाळीच देवळात जाते म्हणाली. तो आला ना परत, म्हणून जीव भांड्यात पडलाय तिचा. इसिस देवीच्या पायावर डोकं ठेवून येते म्हणाली."

फेलिकुला आली. डोक्यावरून शाल घट्ट ओढलेली. ती तिवईवर बसली नाही, उभीच राहिली.

"बस की," थालुसा म्हणाली. "आणि ती शाल काढ. उशीर झालाय आधीच."

"आई, तू ओरडणार आहेस."

"का? काय केलंस?"

फेलिकुलाने शाल काढली. डोकं भादरलेलं होतं. देवळातल्या माणसाने घाईत कात्री चालवली असावी. कुठे नखभर खुंट, कुठे नुसती पांढरी कातडी, कानामागे एक लहानशी जखम.

"नवस बोलले होते," ती म्हणाली. "तो सुखरूप आला तर सगळे केस देईन म्हणून. तो आला. मग द्यायला नको?"

थालुसाच्या हातातली फणी पडली. "अगं अवदसे! सगळ्या गावाच्या नवऱ्या मी सजवते आणि माझी पोर ही अशी, कातरलेल्या मेंढीसारखी! लग्नाला सहा वेण्या घालायच्या असतात, त्या काय माझ्या घालू कापून? देवीला दिवा चालला नसता? बदक चाललं नसतं?"

"बदक काय, कुणीही देतं."

मेनिप्पसला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. त्याच वेळी हरेनिया बाकावरून उठली. ती चालत फेलिकुलापाशी आली, त्या डोक्याकडे बघत राहिली आणि तिने फेलिकुलाच्या तोंडात मारली. आवाज अंगणभर झाला. कडेला दगड घासणारा माणूस घासायचा थांबला.

मालकिणीने असं कधी केलं नव्हतं. थालुसा दासी होती तेव्हाही नाही. थालुसाने पोरीचा दंड धरला, पण पुढे गेली नाही, मागेही आली नाही. फेलिकुलाचा गाल लाल होत चालला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती घाबरली नव्हती. लहान मुलाला समजवावं तशी ती म्हणाली, "येतील ना परत, मालकीणबाई. केसच आहेत. उन्हाळ्यापर्यंत मानेवर येतील."

हरेनिया आपल्या तळहाताकडे बघत होती. मग तिने शाल सावरली आणि अंगणातून बाहेर पडली. थालुसा मागून हाका मारत आली, तिला तिने हाताने थांबवलं.

दुपार होती. वेशीबाहेरच्या रस्त्यावर मिठाच्या गाड्या चालल्या होत्या. थडग्याची किल्ली तिच्या कमरेलाच असे. तिने दार उघडलं, आत गेली. कोनाड्यात नेपोटिला होती. मागच्या वर्षीची वेणी, मागच्या वर्षीची फुलं वाळून काळी झालेली. हरेनियाने मूर्तीचे केस दोन्ही हातांनी धरले. सांधा तिला ठाऊक होता, पण केस उतरवलेले तिने कधी पाहिले नव्हते. डोक्यातली लांब पिन काढून तिने टोकाने चुना खरवडला. बराच वेळ लागला. पिन मोडली, तेव्हा दुसरी घेतली. तिचे स्वतःचे केस सुटून तोंडावर आले. शेवटी टोपी हलली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती जड निघाली. छातीशी धरून, गुडघ्यांवर बसत तिने ती जमिनीवर ठेवली.

मग तिने वर पाहिलं.

खाली सपाट, ओबडधोबड दगड असेल असा तिचा समज होता. माथ्यावर तसा होताही, आणि मधोमध खुंटीसाठी भोक होतं. पण कपाळाच्या कडेला, कानशिलांवर, कानांमागे आणि मानेवर दगड घडवलेला होता. बारीक, आखूड, घाईघाईने मारल्यासारखे छिन्नीचे टवके. कापलेले केस. डाव्या कानावर कात्री फार खोल गेली होती, ती जागासुद्धा होती.

ती उठली आणि तिने त्या खुंटांवरून अंगठा फिरवला. गाल गुळगुळीत होता, इथे मात्र खरखर होती. आता आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली. रडू आलं नाही. दारातून वारा येत होता, बाहेर कुणी गाडीवान बैलाला शिव्या घालत होता. बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आलं की आपली बोटं गारठली आहेत. तिने ती काखेत धरली आणि ऊब येईपर्यंत तशीच उभी राहिली.

परतताना ती पुन्हा मेनिप्पसच्या अंगणात गेली. थालुसा आणि फेलिकुला गेल्या होत्या. मेनिप्पस नव्या केसांसाठी काढलेल्या दगडावर फडकं टाकत होता.

"खाली ते का कोरलंत?" तिने विचारलं.

काय ते त्याने विचारलं नाही. हात पुसत तो म्हणाला, "साच्यात उमटलं होतं बाई. चुना ओतला तेव्हा कडेचे खुंट धरले गेले त्याला. समोर साचा ठेवून चेहरा करत होतो, हात तिथपर्यंत गेला. गाल मी भरले, ते खोटं होतं, सगळेच भरतात. पण ते पुसायला हात धजेना. म्हटलं, वरून झाकलंच जाणार आहे. कुणाला दिसतंय?"

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही बाहेर उभ्या राहायचात." त्याने दगडावरचं फडकं सारखं केलं. "हा दगड आणलाय. वेणी कुणाची बघून करू? दुसरी मुलगी बघता?"

"नको," हरेनिया म्हणाली. "दुसऱ्या कुणाला द्या."

"आणि ते जुने केस? ते बसवायला येऊ?"

"नको."

घरी थालुसा चुलीपाशी बसली होती, पाठमोरी. हरेनिया तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "तिच्या कानामागे लागलंय," ती म्हणाली. "मध लाव."

"लावलाय," थालुसा वळून न बघता म्हणाली. मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, "हात लई जड आहे हो तुमचा. पोरीच्या गालावर बोटं उठलीत."

"दुखतंय का तिला?"

"दुखणार नाही तर काय?" थालुसा म्हणाली. आणि मग सरकून तिने मालकिणीला चुलीपाशी जागा करून दिली.

पितरांचे दिवस आले. दरसाल काल्टिलियस एक दिवस सवड काढून थडग्यावर येई, दारातून पाणी शिंपडी आणि जाई. त्याला आधी सांगावं असं हरेनियाच्या मनात अनेकदा आलं. जेवताना तो समोरच्या बैठकीवर पसरलेला असे, मटाराची भाजी पावाने टिपत गोदीतल्या भानगडी सांगत असे, आणि ती ऐकत असे. सांगणं राहून गेलं.

त्या दिवशी तो दारात थबकला. पाण्याचं भांडं हातात तसंच राहिलं. मग तो तीन वर्षांत प्रथमच आत आला, कोनाड्याच्या अगदी जवळ गेला.

"हे काय?" तो म्हणाला. "केस कुठे आहेत?"

"मी काढले."

"तसं नाही. हे…" त्याने बोट दाखवलं, पण दगडाला लावलं नाही. "हे असं कापलेलं का केलंय त्याने?"

"कापले होते. तापात. वैद्य म्हणाला होता."

"मला कुणी सांगितलं नाही."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. ते दोन-तीन दिवस तो गोदीवरच अडकला होता; आला तेव्हा पदर ओढलेला होता, फुलांची जाळी होती. कुणाला वाटलं बाईने सांगितलं असेल, बाईला वाटलं थालुसाने.

"मी हात धरले होते तिचे," हरेनिया म्हणाली. "ती नको म्हणत होती. मी धरून ठेवले."

काल्टिलियसने भांडं खाली ठेवायचा प्रयत्न केला, ते कलंडलं, पाणी फरशीवर पसरलं. तो भलामोठा माणूस, मापाच्या पायलीवर उभा राहून शंभर हमालांना आवाज देणारा. तो भिंतीला धरून खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. नीट रडताही येत नव्हतं त्याला, धाप लागल्यासारखा आवाज येत होता. "चांगली झाली म्हणालो मी," तो म्हणत होता. "तुला आठवतंय? दारातून बघून चांगली झाली म्हणालो आणि गेलो. मी जवळ गेलो नाही, हरेनिया. जवळ गेलो असतो तर तिथेच पडलो असतो. आणि तू तशी उभी. मला वाटलं, हिने आवरलंय, आपण कसलं मोडायचं."

"मी काही आवरलं नव्हतं," ती म्हणाली. "मला काही होतच नव्हतं. अजून होत नाही."

"आता पण?"

तिने खरं काय ते शोधून पाहिलं. "गार वाजतंय," ती म्हणाली.

ती त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली. रडू तिला आलं नाही. त्याच्या पाठीवर तिने हात ठेवला, तो हुंदक्यांबरोबर वरखाली होत राहिला, आणि तिने तो काढून घेतला नाही. रस्त्यावरून दुसऱ्या घराण्यांची माणसं फुलं घेऊन जात होती. दारातून कुणी आत डोकावलं आणि पुढे गेलं.

मूर्ती तशीच राहिली. लोकांनी थोडे दिवस तोंडं चालवली, आधी दरसाल वेणी म्हणून बोलत होते, आता बोडकी ठेवली म्हणून बोलले. मेनिप्पसने तो दगड रोमच्या एका बाईसाठी वापरला.

फेलिकुलाचं लग्न एप्रिलमध्ये झालं. मे महिना लग्नाला वाईट, आणि केस वाढेपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. थालुसाने बोटभर केसांच्या सहा बटा कशाबशा लोकरीच्या दोऱ्यांनी बांधल्या, बांधताना पोरीला आणि देवीला सारख्याच शिव्या घातल्या, आणि वरून केशरी ओढणी अशी ओढली की नाकाचा शेंडा तेवढा दिसावा. वरातीत पोरांनी अक्रोड उधळले आणि सबिनसच्या दोस्तांनी असली गाणी म्हटली की धक्क्यावरच्या कोळणीसुद्धा लाजल्या. हरेनिया वरातीबरोबर नदीपर्यंत चालत गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नावेत चढताना फेलिकुला मागे वळली. "मालकीणबाई, या की पलीकडे एकदा. माशाचं कालवण करते मी, आईपेक्षा बरं."

"ऐका!" थालुसा म्हणाली. "अजून नदी ओलांडली नाही आणि आईचं कालवण नासलं."

"येईन," हरेनिया म्हणाली.

नाव गेली. मशालींचा उजेड पाण्यावर लांबत गेला. थालुसा पदराने नाक पुसत, नावाड्याने भाडं जास्त घेतलं म्हणून अजून कुरकुरत होती. परतीचा रस्ता चढाचा नव्हता, तरी अर्ध्या वाटेत हरेनिया एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसली.

"काय झालं?" थालुसाने विचारलं.

"पाय दुखतायत," हरेनिया म्हणाली.

"मग दुखणारच. एवढं चालायची सवय कुठे आहे तुम्हाला?" थालुसा तिच्या शेजारी टेकली. "बसू जरा. घाई कुणाला आहे?"